राहिलेले अध्याय भरून काढू नका

वाचकाचं पत्र

“प्रभूमध्ये सलाम. माझं वय ४४. बाप्तिस्मा लहानपणी झाला, दर रविवारी उपासनेला जाते. पण विश्वास म्हणून माझ्याकडे जे काही आहे ते आईवडिलांकडून आलेल्या कपाटासारखं वाटतं; घरात आहे, उघडलं जात नाही. वर्षभरात बायबल पूर्ण करायचं असं चारदा ठरवलं आणि चारही वेळा पहिल्याच महिन्याच्या शेवटी गाडी अडली. राहिलेले अध्याय साठत जातात, मग पुस्तकाकडे बघायचीच लाज वाटते. प्रार्थनेला बसले की तिसऱ्या मिनिटाला डोक्यात ऑफिस, बिलं, मुलाची फी. कित्येकदा काहीच वाटत नाही. विश्वास हे देवाचं दान असेल तर मी एवढी धडपड का करायची? आणि धडपड करावी लागते म्हणजे मुळात विश्वासच नाही का? माझा सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘आई, तुझं हे सगळं सवयीचं ढोंग आहे.’ त्याला सोबत बसायची सक्ती करू का? – अर्ध्यावरची वाचक”

प्रिय भगिनी,

गाडी चारही वेळा एकाच जागी अडली हे तुम्ही कळवलंत ते बरं झालं. चार वेगवेगळ्या जागी अडली असती तर तुमच्या मनाची चौकशी करावी लागली असती. एकाच जागी अडते, म्हणजे खड्डा रस्त्यात आहे. आधी तो दाखवतो.

६६ पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत (कॅथोलिक बायबलात ७३ पुस्तकं, म्हणजे आकडा याहून मोठा). वर्षभरात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात पंधरा-सोळा दिवसांत सरतात. निर्गमची सुरुवातही तशीच भरभर जाते. मग साधारण तेविसाव्या दिवशी निर्गमचा पंचविसावा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे इस्राएल लोकांच्या रानातल्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: अठ्ठावीस हात लांबीचे पडदे, पन्नास बिरडी, दक्षिणेला वीस फळ्या, उत्तरेला वीस फळ्या. ती संपतात तोच लेवीयातले अर्पणांचे विधी. नेमकं त्याच आठवड्यात घरात कुणी आजारी पडतं आणि चार दिवस वाचन राहतं. चार दिवसांचे झाले तेरा अध्याय. पाचव्या दिवशी पुस्तक उघडायचं तर समोर सोळा. तिथे माणूस पुस्तक मिटतो आणि वर स्वतःला अविश्वासू ठरवून मोकळा होतो. तुमची अडचण थकबाकीची आहे. ती निवासमंडपाच्या अध्यायांची चूक नव्हे. इब्री लोकांस पत्र समजून घ्यायचं तर ते अध्याय लागतातच. पण रोज बसायची सवय लागलेली नसताना सुरुवात तिथून होत नाही.

आता दान आणि धडपड. हा प्रश्न तुमच्या सबबीसारखा वाटत असला तरी सबब नाही. मंडळीने तो शतकानुशतकं विचारलाय. पौल फिलिप्पैकरांना एका ओवीत सांगतो की आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच पुढच्या ओवीत सांगतो की तुमच्यात इच्छा आणि कृती घडवून आणणारा देवच आहे. दोन वाक्यं, मध्ये ‘कारण’ हा शब्द. म्हणजे देव काम करतो आहे म्हणून तुम्ही बसून राहा, असं तो म्हणत नाही. देव काम करतो आहे म्हणूनच तुमच्या हातपाय हलवण्याला अर्थ आहे. तीमथ्याला तर तो सुभक्तीसाठी कसरत करायला सांगतो आणि तो शब्द आखाड्यातलाच आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी आठवा: बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं रुजतं हे त्याला कळतही नाही. रुजवणं त्याच्या हातात नाही, पेरणं आहे. तुमचा वेळ, तुमची खुर्ची, उघडलेलं पुस्तक ही पेरणी. ती करावी लागते यावरून विश्वास नाही असं ठरत नाही. ज्याला बियाण्यावर अजिबात भरवसा नाही तो शेतात जातच नाही.

याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो, कारण दोन-तीन महिन्यांनी ती तुम्हाला भेटेल. नेम जमायला लागला की त्याची कमाई वाटू लागते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस) आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशांश देत होता, आणि मंदिरातून नीतिमान ठरून घरी गेला तो मात्र लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. ओळखायची खूण सोपी आहे: न वाचणाऱ्या माणसांबद्दल तुमच्या मनात तुच्छता येऊ लागली की समजा, पेरणीचं बिल करायला घेतलंत.

आता माप. माप असं घ्या की सगळ्यात वाईट दिवशीही पुरं होईल. रोजच्यासाठी बारा मिनिटं, आणि वाईट दिवसासाठी दोन. बाराची वाटणी अशी: एक मिनिट गप्प बसणं, पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं प्रार्थना, एक मिनिट वहीत एक ओळ. दोन मिनिटांच्या दिवशी प्रभूची प्रार्थना सावकाश मोठ्याने आणि एखाद्या स्तोत्राच्या दोन ओव्या, बस. दवाखान्याच्या बाकावर बसूनही हे होतं. दोन मिनिटांचा दिवस पूर्ण दिवस म्हणून मोजायचा, अर्धा नाही. तीन महिने होईपर्यंत बाराची पंधरा मिनिटंही करू नका. उत्साहाच्या सकाळी चाळीस मिनिटं बसावंसं वाटेल, जरूर बसा, पण दुसऱ्या दिवसाचं माप बाराच. नेम मोडतात ते बहुतेक वेळा आळसाने नव्हे, पहिल्या आठवड्यातल्या उदारपणाने.

वेळ घड्याळावर ठरवू नका, आधीपासून होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. ‘सकाळी सहाला’ हे अलार्म चुकला की बुडतं. ‘दात घासल्यावर, फोन हातात घेण्याआधी’ हे बुडत नाही, कारण दात रोज घासले जातात. फोनच्या आधी, हे महत्त्वाचं. एकदा तीन मेसेज वाचले की त्यातल्या एकाला उत्तर द्यावंसं वाटतं आणि बारा मिनिटं गेली. म्हणून पुस्तक छापील घ्या. फोनवरच वाचायचं असेल तर आधी एअरप्लेन मोड. खुर्ची ठरलेली, पुस्तक, वही आणि पेन रात्रीच तिथे ठेवलेलं. पेन शोधायला उठलेला माणूस परत येईपर्यंत दुसऱ्याच कामाला लागतो. सकाळ जमतच नसेल तर दुपार किंवा रात्र चालेल. दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता, त्यात सकाळच श्रेष्ठ असं काही नव्हतं. फक्त अंथरुणावर पडून वाचू नका. तिथे जिंकते ती झोप.

वाचायचं काय? मार्कचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत आटोपशीर, आणि येशू त्यात सतत चालताना दिसतो. अध्यायाच्या मापाने वाचू नका, बहुतेक आवृत्त्यांत मधे मधे उपशीर्षकं छापलेली असतात त्या मापाने वाचा. एका दिवशी एक तुकडा, आठ-दहा ओव्या. मार्कला त्यामुळे दहा-बारा आठवडे लागतील, लागू देत. नंतर फिलिप्पैकरांस पत्र (चार अध्याय), याकोबाचं पत्र (पाच), मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग, कारण ती एकाच लेखकाची जोडपुस्तकं आहेत. उत्पत्ती त्यानंतर. जुन्या भाषांतराची भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं घ्या, यात कमीपणा नाही. पाठ करायच्या ओव्या मात्र लहानपणी ऐकलेल्या भाषेतच ठेवा, त्या जिभेवर आधीच अर्ध्या बसलेल्या असतात.

आवाज काढून वाचा. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथात यशया वाचत होता आणि फिलिप्पाला ते धावताना ऐकू आलं, म्हणजे तो मोठ्याने वाचत होता. त्या काळी रीतच तशी होती. तुमच्या बाबतीत फायदा व्यवहारातला आहे: डोळे ओळखीच्या ओळींवरून घसरत जातात, जिभेला घसरता येत नाही. आयुष्यभर रविवारी ऐकलेला मजकूर घरी वाचताना सगळ्यात मोठी अडचण हीच, की तो माहीत आहे असं वाटतं. तुकडा दोनदा वाचा. पहिल्यांदा काय घडलं ते बघा: कोण बोललं, कुणाला, कोण गप्प राहिलं. दुसऱ्यांदा जिथे अडखळायला झालं तिथे थांबा. अडखळणं म्हणजे काही भव्य जाणवणं असं नाही. ‘येशू इथे रागावला का?’ एवढं पुरतं. मग एकच प्रश्न: यातलं आज रात्रीच्या आत करता येण्यासारखं काय आहे? कधी काहीच नसेल. मग त्या तुकड्यात प्रभू कसा दिसला एवढंच लिहा.

वहीत रोज तारीख, संदर्भ, एक वाक्य. एकच. पानभर लिहिणाऱ्यांच्या वह्या तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या होतात. नमुना: ‘मार्क १:३५. गर्दी शोधत होती, तो एकांतात गेला; आज दुपारचा फोन मी उद्यावर टाकीन.’

सोबत रोज एक स्तोत्र घेता आलं तर उत्तम. स्तोत्रं १५०. एकशे एकोणिसावं १७६ ओव्यांचं आहे, ते एका दिवसात ओढू नका. ते आठ-आठ ओव्यांच्या बावीस भागांत बांधलेलं आहे, इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांप्रमाणे, तेव्हा त्याला बावीस दिवस द्या. पहिले तीन महिने मात्र स्तोत्र फक्त दोन मिनिटांच्या दिवसापुरतं ठेवलंत तरी चालेल.

प्रार्थनेत मन भटकतं, ही तक्रार फार जुनी. १५३५ साली धर्मसुधारक मार्टिन लूथरला त्याच्या न्हाव्याने विचारलं होतं की प्रार्थना करायची कशी, आणि त्याने त्याला उत्तर लिहून दिलं. त्यात त्याचाच धंदा दाखला म्हणून घेतलाय: चांगल्या न्हाव्याचं लक्ष आणि नजर वस्तऱ्यावर आणि केसांवर असते, गप्पा मारत इकडेतिकडे बघणारा गिऱ्हाईकाचं नाक कापून ठेवेल. उपाय म्हणून त्याने मनाला धरायला चार पदरांची दोरी दिली. एक वाक्य घ्यायचं आणि त्यातून चार गोष्टी काढायच्या: यातून शिकायचं काय, आभार कशाचे, कबुली कशाची, मागणं काय. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे वाक्य घेऊन पाहा. शिकणं: मागायचं ते आजचं, वर्षाचं नाही. आभार: काल रात्री घरात सगळ्यांना पोटभर मिळालं. कबुली: पगाराचा आकडा माझ्या मनात प्रभूपेक्षा जास्त वेळ असतो. मागणं: मुलाची फी, आणि अमुक सहकाऱ्याची गेलेली नोकरी. बघा, फी आली की नाही प्रार्थनेत? तुमचं मन जिथे पळत होतं तीच जागा प्रार्थनेची निघाली. मनात आलेल्या विचाराला हाकलत बसू नका, त्याचं नाव घेऊन प्रभूपुढे ठेवा आणि वाक्याकडे परत या. एका बैठकीत वीसदा परत यावं लागलं तर ती वीसदा केलेली प्रार्थना झाली. विचार निव्वळ कामाचा असेल, उदाहरणार्थ बिल भरायची शेवटची तारीख, तर वहीच्या मागच्या पानावर दोन शब्द खरडा. लिहिलेली गोष्ट डोक्यात घोळत नाही.

वाक्यं कुठून आणायची? प्रभूच्या प्रार्थनेतल्या विनंत्या परंपरेने सात मोजतात (काही मंडळ्यांत शेवटच्या दोन एकत्र धरून सहा). आठवड्याचे वारही सातच. रविवारी ‘तुझे नाव’, सोमवारी ‘तुझे राज्य’, मंगळवारी ‘तुझी इच्छा’, बुधवारी भाकर, गुरुवारी ऋणांची क्षमा, शुक्रवारी परीक्षा, शनिवारी वाइटापासून सुटका. म्हणजे आज काय मागू हा प्रश्नच उरत नाही. इतरांसाठी मध्यस्थी करायची तर रोज पाच नावांपेक्षा जास्त नकोत, वारांवर वाटून टाका. तीस नावांची यादी आठवड्याभरात हजेरीपटासारखी वाचली जाऊ लागते. आणि कुणाला ‘प्रार्थनेत आठवण ठेवते’ म्हणालात तर फोन खाली ठेवल्याबरोबर दोन वाक्यं तिथल्या तिथे म्हणून टाका. नंतरवर ठेवलेली ही आठवण बहुतेकांची राहून जाते.

प्रार्थना ओठांनी करा, कुजबुजत का होईना. शब्दच सुचत नसतील तेव्हा दुसऱ्याचे घ्या. तक्रार असेल तर तेरावं स्तोत्र, सहा ओव्यांचं. पापाची टोचणी असेल तर एक्कावन्नावं. आणि काळोखच असेल तर अठ्ठ्याऐंशीवं. ते आशेवर संपत नाही, काळोखावरच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. दिवसाच्या फटीत, लिफ्टची वाट बघताना, पूर्वेकडच्या मंडळ्यांनी शतकानुशतकं म्हटलेली एका ओळीची प्रार्थना चालते: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिचा गाभा मघाच्याच त्या जकातदाराच्या तोंडचा आहे.

रात्री दिवा घालवण्याआधी तीन मिनिटं दिवसाकडे वळून बघा. ही रीत सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी नीट बसवली: आधी आभार, मग प्रकाश मागणं, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याचं एक पाऊल. क्रम मोडू नका. आभार पहिले, कारण चुकांपासून सुरुवात केली की त्या तीन मिनिटांचं कोर्ट होतं. तुमच्या पत्रात ‘लाज’ हा शब्द आहे, म्हणून पहिला महिना फक्त पहिली आणि शेवटची पायरी घ्या.

आता चुकलेल्या दिवसाचं. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रानात दिलेलं अन्न, रोज माणशी एक ओमर गोळा करायचा होता, दोनेक लिटरचं माप. उद्यासाठी साठवला त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. त्या सबंध अध्यायात एक आज्ञा कुठेच नाही: काल राहिला म्हणून आज दोन ओमर उचला. तेव्हा चार दिवस बुडाले तर पाचव्या दिवशी वहीत पाचव्या दिवसाची तारीख घाला आणि जिथे थांबला होतात तिथला पुढचा तुकडा वाचा. मधल्या तारखांसाठी जागा सोडू नका, ‘राहिलं’ असं लिहूही नका. वाचनाच्या तक्त्यावर तारखा छापलेल्या असतील तर त्या खोडा. दर रविवारी तुम्ही ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ म्हणता आणि सोमवारी वहीत ऋणं मांडायला बसता, हे कुठेतरी थांबायला हवं.

रविवारी तुम्ही जाता, त्यात दोनच दुरुस्त्या. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ वाचून ठेवा. तो आधी ठरलेला नसेल तर पाळकांना विचारा, बहुतेकांना या प्रश्नाचा आनंदच होतो. आणि प्रभुभोजनाआधी, मत्तयच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे, कुणाशी धुसफूस असेल तर त्याला एक फोन. वर्षानुवर्षं न सोडलेला एखादा राग हे कोरडेपणाचं फार नेहमीचं कारण असतं, आणि ते वाचनाने जात नाही.

याशिवाय एक माणूस शोधा, एकच. पंधरवड्यातून एकदा चाळीस मिनिटं. बाई असावी, तोंडाची घट्ट असावी, तुमच्या हाताखाली काम करणारी किंवा तुम्ही जिच्या उपकारात आहात अशी नसावी. प्रश्न ठरलेले: वाचताना कुठे अडखळलीस? कशात हरलीस? माझ्यासाठी काय मागतेस? मग एकमेकींसाठी मोठ्याने प्रार्थना. सल्ला द्यायचा नाही, मागितला तर एक वाक्य. अशा भेटी बुडतात त्या दोन कारणांनी: गप्पा आधी आणि प्रश्न नंतर, किंवा तिसरी-चौथी जोडली जाते आणि खरं बोलणं थांबतं.

उपास हवा असेल तर आठवड्यातून एक वेळचं जेवण, आणि त्या वेळेत प्रार्थना; नाहीतर ते नुसतं जेवण चुकवणं. पहिल्या मंडळीत बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार होते. मधुमेह, गरोदरपण, जेवणाशी बिघडलेलं नातं, यांपैकी काही असेल तर अन्नाऐवजी स्क्रीनचा उपास करा. शिवाय आठवड्यातून एखादा तास कुणाच्या तरी उपयोगी पडा, गाजावाजा न करता. याकोब म्हणतो तो क्रियांवाचून निर्जीव विश्वास बहुधा असाच निर्जीव होतो: पुस्तक, खुर्ची, वही सगळं आहे, दार मात्र बंद.

‘काहीच वाटत नाही’ याचं काय? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या संन्याशाने ही अवस्था इतकी अचूक लिहिली आहे की वाचताना हसू येतं: सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीतून बघतो की कुणी भेटायला येतंय का, आणि त्याला आपली खोली नकोशी होते. त्याने याला दुपारचा दुरात्मा म्हटलं आणि उपाय सांगितला तो खोली न सोडण्याचा. तुमच्या भाषेत, बारा मिनिटं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, मन लागो न लागो. घड्याळ लावा आणि ते वाजेपर्यंत बसा. भावना पुष्कळदा त्या वेळेत येतच नाहीत. त्या दुपारी येतात, भांडणात तोंडाशी आलेला शब्द गिळला जातो तेव्हा, आणि आपल्याला त्यांचा सकाळशी संबंध लागत नाही.

पण प्रत्येक कोरडेपणा आत्मिक नसतो. संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देवाशी बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा आधी झोप बघा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत खिन्न असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि तो नेमाचाच भाग समजा. जीव नकोसा वाटू लागला तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

शंकांसाठी वहीचं वेगळं पान ठेवा. सकाळच्या बारा मिनिटांत त्यांच्याशी भांडू नका, पानावर उतरवा आणि महिन्यातून एकदा पाळकांसमोर किंवा जाणत्या माणसासमोर पान उघडा. प्रभू मेलेल्यांतून उठला यावर थोमा या शिष्याने आठवडाभर विश्वास ठेवला नाही. पण आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा तो इतरांबरोबर त्याच घरात होता. त्याची ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

प्रगती दर आठवड्याला मोजू नका. रोज उकरून पाहिलेलं बी रुजत नाही. तीन महिन्यांनी वही सलग वाचा. रिकाम्या दिवसांची संख्या नको, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली ते बघा. तिथेच पवित्र आत्मा तुमच्याशी काहीतरी बोलत असण्याची शक्यता जास्त. आणि घरातल्या एकाला विचारा की माझ्या बोलण्यात काही फरक पडलाय का. उत्तर ‘नाही’ आलं तर वाद घालू नका.

तो एक बहुधा तुमचा मुलगाच असेल. त्याला सक्ती नको. सतराव्या वर्षी सक्तीने बसवलेला मुलगा खुर्चीवर बसतो आणि मनाने घराबाहेर पडतो. ‘ढोंग’ हा शब्द त्याने वापरला त्यात तथ्य आहे का, हे एकदा शांतपणे तपासा. तुम्ही उपासनेहून घरी आल्यावर कुणाबद्दल काय बोलता, हे त्याने ऐकलेलं असतं. ढोंग म्हणजे आपल्याजवळ नसलेलं दाखवणं, आणि तुम्ही तर खुर्ची कोपऱ्यात घेऊन, दार लोटून बसणार आहात. दाखवायचं कुणाला? त्याने विचारलं तर त्या दिवशीची वहीतली ओळ वाचून दाखवा, दुपारच्या फोनची असली तरी. नाही विचारलं, तर बारा मिनिटं झाल्यावर दार उघडा आणि त्याला नाश्त्याला हाक मारा.